बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, तरी ट्रक मेलेला: २००४ च्या सिल्व्हराडोमधल्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलचं प्रकरण

डेट्रॉइटच्या उत्तरेकडे केटरिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका मराठी काकांचा हा ट्रक. २००४ सालची शेवरोले सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात. आठवडाभर पातेली आणि शेगड्या, भाद्रपदात मंडळाच्या गणपतीचं मखर, हिवाळ्यात पुढे बर्फ लोटायचं पातं, असं सगळं या गाडीने वर्षानुवर्षं ओढलं. इंजिन आणि गिअरबॉक्स अजून ठणठणीत आहेत. तक्रार होती ती विजेची, आणि तीही दर वेळी वेगळी.

शनिवारी लावलेली गाडी सोमवारी मेलेली असायची. मध्येच आतला दिवा लुकलुकायचा. कोणी हात न लावता दारांची कुलुपं टकटक करत उघडझाप करायची. पुढे पुढे तर इंजिन चालू व्हायचं आणि दोनेक सेकंदांत बंद पडायचं, आणि मीटरमध्ये ‘सिक्युरिटी’चा दिवा लागलेला दिसायचा. एका गॅरेजने बॅटरी बदलली. काही दिवसांनी त्याच गॅरेजने बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला. बिलं भरून झाली, दुखणं जागच्या जागी. मग काकांनी स्वतःच इंटरनेट पालथं घातलं आणि मला फोन केला तो निदान ठरवूनच: बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे बीसीएम.

“अरे, बीसीएम गेलंय. मी मागवतो, तू फक्त बसवून दे.”

“काका, मागवू नका इतक्यात. आधी बघू तरी.”

काकांचा अंदाज बरोबर निघाला, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या अंदाजावर विसंबून नवं मॉड्यूल बसवलं असतं, तर पुढच्या पावसाळी आठवड्यांत तेही गेलं असतं. प्रकरण लिहून काढण्यासारखं वाटलं ते यासाठीच.

या डब्याकडे कामं कोणती

बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, गुडघ्यासमोरच्या पॅनेलमागे, फ्यूजच्या जंक्शन ब्लॉकला लागून बसवलेला एक प्लास्टिकचा डबा. आतले दिवे, दारं उघडी की बंद याची खबर, कुलुपं, किल्ली विसरल्यावर वाजणारी घंटी, गाडी बंद केल्यावर काही मिनिटं काचा आणि रेडिओ चालू ठेवणं, ही त्याची रोजची कामं. यातलं एखादं बिघडलं तर माणूस वैतागतो, पण गाडी चालते.

गाडी अडते ती चोरीविरोधी यंत्रणेमुळे. या पिढीच्या सिल्व्हराडोत ‘पासलॉक’ नावाची पद्धत आहे. किल्लीत चिप नसते. किल्ली फिरवली की कुलपातला सेन्सर ठरावीक व्होल्टेज बीसीएमला देतो. ते ओळखीचं असेल तर बीसीएम नेटवर्कवरून इंजिनच्या कॉम्प्युटरला परवलीचा संदेश पाठवतं: इंधन सोडायला हरकत नाही. हा संदेश आलाच नाही, तर इंजिन चालू होतं आणि लगेच इंधन तोडलं जातं. काकांच्या ट्रकचं ‘दोन सेकंदांत बंद’ हे त्याचंच लक्षण.

हे संदेश जातात कशावरून, तेही पाहायला हवं. आजच्या गाड्यांतलं कॅन नेटवर्क इथे नाही. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून निदानासाठी कॅन सक्तीचं झालं. त्याआधीच्या या ट्रकमध्ये जे-१८५० जातीचं एकतारी नेटवर्क आहे. वेग सेकंदाला १०.४ किलोबिट. शांत असताना तारेवर शून्य व्होल्ट, बोलताना सातच्या आसपास. सगळ्या मॉड्यूलच्या तारा डॅशबोर्डखाली एका जोडकप्प्यात येऊन मिळतात आणि त्यातली धातूची फणी उपसली की प्रत्येक मॉड्यूल सुटं होतं. निदानाच्या दृष्टीने ही फणी म्हणजे वरदान आहे. नंतरच्या गाड्यांत ती मिळत नाही तेव्हा मला या जुन्या ट्रकची हटकून आठवण येते.

आधी कोड, मग करंट

बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पी १६२६ हा कोड सापडला. याच्या शेजारचा पी १६३१ आला असता तर तपासाची दिशा वेगळी असती. १६३१ म्हणजे परवलीचा संदेश आला, पण चुकीचा आला. अशा वेळी कुलपातला सेन्सर आणि त्याच्या केसासारख्या बारीक तारा आधी तपासाव्यात. १६२६ म्हणजे संदेश आलाच नाही. त्याच्या जोडीला मीटरच्या पॅनेलमध्ये यू १०६४ होता: बीसीएमशी संपर्क तुटला. वर्गातली बाकीची पोरं एकाच पोराच्या गैरहजेरीची तक्रार करत असतील, तर मास्तर आधी त्या पोराच्या घरी चौकशी करतो. तसं बीसीएमकडे वळलो.

पण संपर्क तुटणं म्हणजे मॉड्यूल मेलं असं नव्हे. त्याला वीज मिळत नसेल, अर्थिंग सैल असेल, नेटवर्कची तार मध्येच तुटली असेल, तरी कोड तोच येतो. म्हणून मॉड्यूलच्या कनेक्टरवर मीटरऐवजी जुना २१ वॉटचा बल्ब लावून पाहिला. मीटरला नावापुरता करंट लागतो. एक धागा शिल्लक असलेली तारही त्याला साडेबारा व्होल्ट दाखवते. बल्ब ओढ घेतो, म्हणजे खरा करंट खेचतो, खोटं बोलत नाही. सगळ्या पुरवठ्यांवर तो लख्ख पेटला. अर्थिंगवर त्याच ओढीत ०.१ व्होल्टपेक्षा कमी घट होती. वायरिंग निर्दोष.

आता बॅटरी कोण खातं ते. इथे एक गोष्ट गॅरेजवाले हमखास विसरतात. गाडी बंद केल्यावर मॉड्यूल एकदम झोपत नाहीत, काही वेळ जागी राहतात. आणि मोजमापासाठी दार उघडं ठेवलं तर कधीच झोपत नाहीत. म्हणून दार उघडंच ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलली, गाडीला दार लागलं असं वाटू दिलं आणि चहा घेऊन आलो. अर्ध्या तासानंतरही बॅटरीवरची ओढ ०.९ अँपिअर. अशा ट्रकने सगळं झोपल्यावर ०.०५ च्या आत यायला हवं. ०.९ अँपिअर म्हणजे शनिवार-रविवारच्या अठ्ठेचाळीस तासांत ४३ अँपिअर-तास. मिशिगनच्या थंडीत, जिथे बॅटरीची निम्मी ताकद गारठ्यातच जाते, तिथे एवढं पुरेसं आहे. नव्या बॅटरीचा काही दोष नव्हता. तिला रोज लुबाडलं जात होतं.

फ्यूज उपसून शोध घ्यायचा मोह टाळला. फ्यूज काढला की मॉड्यूल रीसेट होतं, दोष लपतो आणि माणूस दोन तास भुतामागे धावतो. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे असतात. त्यांच्यामधले मिलिव्होल्ट मोजले की करंट कुठून वाहतोय ते कळतं. बीसीएमच्या फ्यूजवर वाहत होता. रेडिओ आणि इतर काही फ्यूजवरही थोडाथोडा वाहत होता.

मग नेटवर्कची फणी उपसली. ओढ ०.९ वरून ०.३ वर आली. बाकीची मंडळी झोपली, कारण त्यांना सारखं उठवणारं कोणी राहिलं नाही. बीसीएम मात्र एकटंच जागं. त्याचे कनेक्टर काढले, ओढ ०.०२.

इथे कोणीही म्हणेल, झालं की सिद्ध. मला ते पटत नाही. बीसीएम काढल्यावर ओढ थांबली याचा अर्थ एवढाच, की करंट त्याच्यातून जात होता. दाराचा स्विच अडकला असेल, किल्ली कुलपात आहे असं सांगणारा संपर्क चिकटला असेल, तर चांगलं मॉड्यूलही इमानेइतबारे जागंच राहील. म्हणून कनेक्टर परत जोडले. मॉड्यूल अधूनमधून बोलायला लागलं की स्कॅनरवर त्याची माहिती वाचत राहिलो: चारही दारं बंद, किल्ली नाही, दिव्यांचा स्विच बंद. म्हणजे बाहेरून सगळं ‘झोप’ म्हणत असताना ते जागं होतं.

पाणी

कनेक्टर काढताना बोटांना हिरवट पूड लागली, तेव्हाच प्रकरणाने वळण घेतलं.

तांब्यावर ओल आली आणि तिथे कायम बॅटरीचं व्होल्टेज असलं, की नुसता गंज चढत नाही, विद्युत-रासायनिक झीज होते. धन टोकाकडचा धातू विरघळतो, शेजारच्या पिनकडे सरकतो आणि दोन पिनांमध्ये अर्धवट वाहक असा पूल बांधतो. या ट्रकमध्ये नेमकं तेच झालं होतं: कायम वीज असलेल्या पिनांभोवती हिरवं, शेजारच्या पिना पांढुरक्या, आणि दूरच्या कोपऱ्यातल्या पिना अजून नव्यासारख्या चकचकीत. डब्याच्या बाहेर खालच्या कडेला पाण्याची वाळलेली रेघ होती.

कनेक्टर विजेच्या सामानासाठीच्या क्लीनरने धुतले, पिना बारीक ब्रशने घासल्या, वाळवले आणि पुन्हा मोजलं. हे गरजेचं होतं, कारण पूल फक्त कनेक्टरमध्ये असेल तर मॉड्यूल बदलायचं कारणच उरत नाही. ओढ तशीच. डबा उघडला तर आतल्या सर्किटच्या पाटीवर एका रिलेच्या पायाशी लेप उतरलेला आणि तांब्याच्या दोन पट्ट्या काळ्या-हिरव्या पडलेल्या. आता सिद्ध झालं म्हणायला हरकत नव्हती.

पाणी आलं कुठून? हिवाळ्यात बुटांना लागून आलेला बर्फ खाली गालिचात वितळतो, वरच्या पॅनेलमागे चढत नाही. काकांना विचारलं, गेल्या वर्षभरात पुढची काच बदलली का?

“बदलली की. हायवेवर खडा लागला होता. का रे?”

पाइपाने पाणी मारून पाहिलं, आणि ते खालून वर. आधी काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वरचा भाग. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत काका टॉर्च घेऊन आडवे झाले होते, डाव्या खांबाचं प्लास्टिकचं आवरण काढून ठेवलेलं. वरच्या डाव्या कोपऱ्यावर पाणी धरल्यावर आतून हाक आली, “आलं! वायरवरून आलं!” काचेच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब खांबातल्या वायरच्या जुडग्यावर उतरायचा आणि त्या जुडग्याचं बोट धरून थेट जंक्शन ब्लॉकवर यायचा.

जुनी काच कापून काढताना कोपऱ्यातला रंग पत्र्यापर्यंत खरवडला गेला होता. त्यावर प्रायमर न लावताच काच बसवणाऱ्या दुकानाने काळा युरेथेनचा चिकटा ओढला असावा. पत्रा गंजला, पापुद्रा सुटला, आणि चिकटा पापुद्र्याला धरून राहिला, पत्र्याला नाही. गाडी बनवणाऱ्यांचा यात काही संबंध नाही. काच बदललेली नसती, तर हे मॉड्यूल अजून बरीच वर्षं निघालं असतं असं माझं मत आहे.

काच पुन्हा काढून, गंज घासून, प्रायमर मारून नीट बसवेपर्यंत मॉड्यूल मागवायचं नाही, असं मी काकांना बजावलं. त्यांना ते रुचलं नाही, लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या. तरी थांबले. काच बसल्यावर पुन्हा पाइप मारला, कोपरा कोरडा. शिवाय त्या जुडग्याला ब्लॉकच्या थोडं आधी खाली झोळ दिला आणि पट्टीने बांधला, म्हणजे उद्या एखादा थेंब आलाच तर तो झोळाच्या तळाशी सुटून खाली पडेल, कनेक्टरात शिरणार नाही.

कोणतं मॉड्यूल घ्यायचं

पाटी धुऊन, पट्ट्या जोडून तेच चालवायचा एक पर्याय होता. एखाद्या दिव्याचा प्रश्न असता तर मी तो घेतला असता. पण ज्या डब्याच्या हो-नाहीवर इंजिनचं इंधन आहे, त्यात झिजलेल्या तांब्यावर डाग देऊन, मागे शंभर लोकांचं जेवण घेऊन निघालेल्या माणसाला पाठवणं मला प्रशस्त वाटलं नाही.

एवढ्या जुन्या ट्रकसाठी नवं मॉड्यूल शोधण्यात दिवस मोडले असते, म्हणून भंगारातल्या ट्रकमधून काढलेलं घेतलं. या पिढीत ते चालतं, पण एका अटीवर: लेबलावरचा भाग क्रमांक जुळला पाहिजे. मॉडेल तेच, वर्ष तेच, म्हणून डबा तोच असं नसतं. साध्या ट्रकचा वेगळा आणि सगळ्या सोयींच्या ट्रकचा वेगळा असू शकतो. विकणाऱ्याकडून लेबलाचा आणि पिनांचा जवळून काढलेला फोटो मागवला. पहिल्या डब्याच्या पिना फोटोतच हिरवट दिसल्या, म्हणून तो घेतलाच नाही. पुरात सापडलेल्या गाड्यांचे डबे बाजारात भरपूर फिरतात.

काकांना दुसरी काळजी होती. “किलोमीटरचा आकडा बदलणार नाही ना? विकताना लोक संशय घेतात.” या ट्रकमध्ये मैलांचा आकडा मीटरच्या पॅनेलमध्ये साठवलेला असतो, बीसीएममध्ये नाही. आकडा जागेवर राहिला.

बसवणं सोपं, शिकवणं लांब

बसवण्यात सांगण्यासारखं फारसं नाही. बॅटरीची ऋण तार काढून थोडं थांबायचं, गुडघ्यासमोरचं पॅनेल उतरवायचं, पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावायचा नाही कारण त्या एअरबॅगच्या, आणि कनेक्टर न ओढता कड्या दाबून सोडवायचे. कामाचा खरा वेळ पुढे जातो.

दुसऱ्या ट्रकमधून आलेला डबा स्वतःला त्याच ट्रकचा समजत असतो. त्याला या गाडीचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक आणि गाडीत कोणकोणत्या सोयी आहेत याची यादी द्यावी लागते. ती यादी कुठे शोधायची? ग्लोव्ह बॉक्समध्ये एक लेबल असतं, त्यावर तीन-तीन अक्षरांच्या संकेतांच्या ओळीच्या ओळी. एयू३ म्हणजे विजेवरची कुलुपं, ए३१ म्हणजे विजेवरच्या काचा, जी८० म्हणजे मागच्या एक्सलमधलं लॉकिंग डिफरन्शियल, व्हीवायू म्हणजे बर्फाच्या पात्यासाठीची तयारी. कारखान्यात लावलेली ही जन्मपत्रिका बहुतेक मालकांनी कधी वाचलेली नसते. काकांनी चष्मा लावून ती एखाद्या मेनूकार्डासारखी मोठ्याने वाचली आणि मी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या टेक-२ या जुन्या स्कॅनरवर एकेक सोय भरत गेलो. स्वस्तातले कोड वाचणारे स्कॅनर इथे उपयोगाचे नाहीत. ते वाचतात, लिहीत नाहीत.

हे सगळं होईपर्यंत बॅटरीला चार्जर लावून व्होल्टेज तेराच्या आसपास धरून ठेवलं होतं. लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर हातात आलेला डबा पुन्हा भंगारात जातो.

शेवटी पासलॉकची ओळख. नव्या डब्याला या कुलपाचं व्होल्टेज माहीत नसतं. किल्ली फिरवून इंजिन चालू करायचा प्रयत्न करायचा, ते बंद पडलं की किल्ली ‘ऑन’वरच ठेवायची. सिक्युरिटीचा दिवा सुमारे दहा मिनिटांनी विझतो. मग दहा सेकंद बंद. हेच आणखी दोनदा. एकूण अर्धा तास काहीही न करता बसायचं, आणि बरेच लोक इथेच हरतात: पाच मिनिटांत कंटाळून पुन्हा स्टार्टर मारतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. काकांचा हात किल्लीकडे जात होता, त्यांना मी लसूण सोलायला घरात पाठवलं. तिसऱ्या फेरीनंतर किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं.

एक गोष्ट लगेच चुकलेली दिसली: दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे लागेनात. यादीतला तो एक पर्याय भरायचा राहिला नव्हता, पण जतन झाला नव्हता. पुन्हा लिहिला, दिवे लागले. रेडिओही गाडीचा क्रमांक ताडून पाहतो. क्रमांक आधीच बरोबर भरल्यामुळे तो कुरकुर न करता वाजला.

दाराची कडी पुन्हा दाबून, अर्धा तास थांबून ओढ मोजली: ०.०२. फणी जागेवर, सगळे झोपलेले.

राहिला होता गालिचा. वरून कोरडा दिसणारा गालिचा उचलल्यावर खालचा जाड थर पिळण्याइतका ओला निघाला. तो तसाच ठेवला असता तर काचा बंद असताना आतली दमट हवा रोज रात्री गार पत्र्यावर आणि त्याच ब्लॉकवर दव धरत राहिली असती. चालकाची सीट काढून, थर उचकून, गॅरेजमध्ये पंख्यासमोर वाळवायला सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

काच बसवणाऱ्या दुकानाला काकांनी गंजाचे आणि सुटलेल्या चिकट्याचे फोटो दाखवले. काच पुन्हा बसवण्याचा खर्च दुकानाने तक्रार न करता सोसला. मॉड्यूलचे पैसे द्यायला मात्र नकार दिला. अल्टरनेटर बदलणाऱ्या गॅरेजकडे काका अजून गेलेले नाहीत. जुना अल्टरनेटर परत घेऊन ठेवला असता तर चाचणी करून भांडता आलं असतं, तो तेव्हाच नव्याच्या बदल्यात जमा झाला होता.